टाळेबंदीचे दुसरे नाव
(कोलकाता येथे मराठी भाषिक पक्षसभासदांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



हुगळी नदीच्या दोन्ही काठांनी, दक्षिणेस बजबजपासून उत्तरेस बांसबेडियापर्यंत, तागाच्या गिरण्यांची रांग पसरलेली आहे. देशातील शंभराच्या आसपास ताग गिरण्यांपैकी बहुसंख्य येथेच असून सुमारे अडीच लाख कामगारांची चूल त्यांच्यावर पेटते. या कामगारांच्या तोंडी एक इंग्रजी शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की, बिहारमधून आलेल्या निरक्षर मजुरालाही तो अर्थासकट ठाऊक असतो : ‘सस्पेन्शन ऑफ वर्क’. पहाटेच्या पाळीला कामगार येतो तो फाटक बंद असते आणि फाटकावर एक कागद डकवलेला असतो. कच्च्या तागाचा तुटवडा आहे, उत्पादन घटले आहे, कामगारांत बेशिस्त माजली आहे, सबब काम स्थगित करण्यात येत आहे, असा त्याचा मजकूर. ‘लॉकआउट’ हा शब्द त्या कागदात शोधूनही सापडत नाही. तो का सापडत नाही, हाच येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

कायद्याच्या दृष्टीने हा शब्दांचा खेळ मुळातच पोकळ आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात टाळेबंदीची व्याख्या करताना कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम स्थगित करणे आणि कामगारांना कामावर ठेवण्यास नकार देणे या तिन्ही गोष्टी एकाच सूत्रात गोवलेल्या होत्या. म्हणजे मालक ज्या शब्दांआड लपतो ते शब्दच टाळेबंदीच्या व्याख्येत होते. असे असूनही दशकानुदशके हा कागद फाटकांवर लागत राहिला, आणि १९७७ ते २०११ या डाव्या आघाडीच्या ३४ वर्षांच्या राजवटीतही तो तेथून हटला नाही, २०११ नंतरच्या तृणमूल राजवटीतही हटला नाही. हे कटू असले तरी आपल्याच मुखपत्रातून स्पष्टपणे मांडले गेले पाहिजे.

मालकाला या कागदाचा फायदा काय, ते रोजाच्या हिशेबात पाहिले की कळते. कच्चा माल नाही म्हणून मालकाने कामगारांना रीतसर ‘ले-ऑफ’ दिला, तर जुन्या कायद्याप्रमाणे मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई द्यावी लागे, आणि शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यात त्यासाठी सरकारची पूर्वपरवानगीही लागे. गिरणी कायमची बंद करायची तरी परवानगी हवीच. टाळेबंदीला मात्र यांपैकी काहीही लागत नसे. सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवा वगळल्या, तर आगाऊ सूचनेचीही सक्ती नव्हती. टाळेबंदी न्याय्य होती की अन्याय्य, याचा निकाल न्यायाधिकरणाकडे जाई आणि तेथे वर्षे लोटत. तोवर मजुराच्या हाती एक पैसाही पडत नसे. अशा रीतीने ज्या कारणासाठी ले-ऑफ द्यावयाचा, त्याच कारणासाठी ‘काम स्थगिती’ जाहीर केली की निम्म्या पगाराचा बोजा एका कागदाने टळे. आणि त्या कागदात बेशिस्तीचा उल्लेख घातला की पुढे कोर्टात बचावही तयार!

यात सर्वांत आधी भरडला जातो तो बदली कामगार. ‘बदली’ हा शब्द गिरणगावातील मराठी माणसाला नव्याने समजावून सांगावा लागणार नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांत पहाटे खात्याच्या दाराशी उभा राहणारा बदलीवाला जसा होता, तसाच तो टिटागड, भद्रेश्वर, कांकिनाडा येथे आहे. मुंबईत जॉबर होता, येथे सरदार होता. येथे ‘भागावाला’ नावाचा आणखी एक प्रकार आढळे, ज्याला दुसऱ्याच्या कामाचा व दुसऱ्याच्या रोजाचा केवळ एक हिस्सा मिळे. ले-ऑफची भरपाई बदली कामगाराला सलग एक वर्षाची सेवा भरल्याशिवाय कायदा देत नसे. मधूनमधून गिरणी बंद पडत राहिली की ते वर्ष भरले की नाही यावरच वाद उभा राहतो. बंद झालेली गिरणी महिन्या-दोन महिन्यांनी उघडते तेव्हा कायम कामगार फाटकाशी हजर होतो. बदलीवाला तोवर आरा किंवा छपऱ्याला परतलेला असतो, नाहीतर हावड्याला हमाली करत असतो. मागे उरलेल्या त्याच्या कुटुंबाला कुली लाइनीतील खोली सोडावी लागते. गणना करणाऱ्यांच्या तक्त्यात याची नोंद ‘मनुष्यदिवसांची हानी’ या एका रकान्यात होते.

गिरणी बंद ठेवून भाव सांभाळण्याची ही चाल नवी नाही. ताग गिरणी मालकांची संघटना १८८४ मध्ये स्थापन झाली, आणि मालकांचा हा गट उत्पादन आवळण्यात देशात सर्वांत तरबेज मानला जाई. नफा वाढवायचा तेव्हा १९२९ मध्ये आठवड्याचे तास ५४ वरून ६० वर नेले. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी चळवळीचे पुढारी देशभरातून पकडले गेले असतानाही त्याविरुद्ध ताग कामगारांचा सार्वत्रिक संप झाला; बंगाल जूट वर्कर्स युनियनच्या अध्यक्षा प्रभावती दासगुप्ता त्याच्या अग्रभागी होत्या. मंदी आली तेव्हा १९३१ मध्ये त्याच मालकांनी तास ४० वर आणले आणि काही माग सीलबंद केले. पुढे १९३७ मध्ये दोन लाखांहून अधिक कामगार संपावर गेले. १९८४ मध्ये ८४ दिवसांचा उद्योगव्यापी संप झाला. तोवर मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या कापड गिरण्यांच्या संपाची अखेर कोणी जाहीर न करताच झाली होती. ऐंशीच्या दशकापासून बंगालमध्ये संपामुळे बुडालेल्या दिवसांपेक्षा टाळेबंदीने बुडालेले दिवस अधिक झाले. ‘बंगालचे कामगार संपखोर’ हा वर्तमानपत्री प्रवाद मात्र आजतागायत चालू आहे.

या उद्योगाचे मोठे गिऱ्हाईक कोण? खुद्द सरकार. १९८७ च्या कायद्यान्वये धान्य तागाच्या पोत्यातच भरण्याची सक्ती झाली, आणि अलीकडच्या वर्षांत धान्यासाठी शंभर टक्के व साखरेसाठी वीस टक्के असे प्रमाण ठरवले गेले. ताग आयुक्तांचे कार्यालय कोलकात्यातच असून बारदानाच्या मागण्या तेथूनच गिरण्यांना वाटल्या जातात. मालाला हमखास गिऱ्हाईक सरकारने मिळवून दिले. ते बारदान शिवणाऱ्याच्या रोजाची हमी मात्र त्याबरोबर बांधली नाही. ३० सप्टेंबर २०२१ पासून कच्च्या तागावर क्विंटलमागे ६,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली गेली. साठेबाजांनी माल दडवला, त्या भावाने ताग मिळेनासा झाला, अनेक गिरण्यांच्या फाटकांवर तोच जुना कागद लागला. २० मे २०२२ रोजी ही मर्यादा उठवण्यात आली. व्यापारी, गिरणीमालक आणि सरकार यांच्यातील त्या भाववादात कामगार कोणत्याही बाजूस नव्हता. रोज मात्र त्याचाच बुडाला.

आता संघटनांच्या प्रश्नाकडे. मुंबईत १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला प्रातिनिधिक ठरवून कामगारांवर लादले होते. १९८२ चा उद्रेक त्या सक्तीविरुद्धही होता. बंगालमध्ये नेमके उलटे घडले. एकेका गिरणीत दहा-पंधरा संघटना, प्रत्येकीचे स्वतंत्र कार्यालय, स्वतंत्र झेंडा. उद्योगव्यापी त्रिपक्षीय करारावर सगळ्या सह्या करतात. ३ जानेवारी २०२४ च्या करारात नव्या कामगाराचा रोज ४८५ रुपये ठरला. २०१९ मध्ये तो ३७० होता. ही मिळकत कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु एखादी गिरणी बंद झाली की तो त्या गिरणीपुरता तंटा मानला जातो. मग श्रम आयुक्तांच्या दालनात बैठका होतात आणि ‘पुन्हा सुरू करण्याचा करार’ होतो. त्यात अधिक यंत्रांवर कमी माणसे, भविष्यनिर्वाह निधीची थकबाकी हप्त्यांनी, बंद काळाच्या वेतनाबद्दल मौन. फाटक उघडले याच्याच आनंदात सह्या होतात. टाळेबंदी बेकायदा होती हे पहिल्या दिवशी कोणी नोंदवलेलेच नसते, मग शेवटच्या दिवशी मागणार कशाच्या बळावर?

१९९३ मध्ये हावडा जिल्ह्यातील फुलेश्वर येथे कानोरिया ताग गिरणीच्या कामगारांनी बंद फाटकावर एक वेगळे उत्तर दिले. त्यांनी संग्रामी श्रमिक युनियन उभारली, गिरणीचा ताबा घेतला आणि गावकऱ्यांच्या मदतीने सामुदायिक रसोडा चालवला. त्यांचा राग मालकाइतकाच प्रस्थापित संघटनांवरही होता. त्या लढ्यातील अनेक गोष्टींशी मतभेद असू शकतो आणि आहे. पण कामगार आपल्याच संघटनांना ओलांडून का गेले, या प्रश्नाला ‘चिथावणी’ हे उत्तर पुरेसे नव्हते.

ताग उद्योग जुनाट, म्हणून तेथे असे चालते, असे म्हणणाऱ्यांनी कॅनडाकडे पाहावे. तेथील संघराज्य कायद्यात संप अथवा टाळेबंदी करायची तर ७२ तासांची सूचना द्यावी लागते, आणि ती मालकालाही लागू आहे. २२ ऑगस्ट २०२४ रोजी तेथील दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांनी, अशी सूचना देऊन, नऊ हजारांहून अधिक कामगारांना एकाच दिवशी बाहेर ठेवले. सरकारने लगेच कामगार संहितेच्या १०७ व्या कलमाखाली वाद सक्तीच्या लवादाकडे धाडला. टाळेबंदी मालकांनी केली आणि संपाचा हक्क कामगारांनी गमावला! पुढच्याच वर्षी, १६ ऑगस्ट २०२५ रोजी, एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक विमान परिचरांचा संप सुरू झाला आणि काही तासांतच तेच कलम उगारले गेले. विमान जमिनीवर असताना केलेल्या कामाला मोबदला मिळत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. त्यांनी हुकूम मानला नाही. १९ ऑगस्टला समझोता झाला.

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अंमलात आली. ले-ऑफ, कपात आणि बंदी यांसाठी परवानगीची मर्यादा शंभरवरून तीनशे कामगारांवर गेली. पन्नास टक्के कामगारांनी एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तरी तो संप ठरतो. संपाला सर्वच उद्योगांत १४ दिवसांच्या सूचनेची अट आली. याविरुद्धचा लढा चालू राहणारच आहे. पण त्याच संहितेत टाळेबंदीलाही तीच १४ दिवसांची अट आहे, टाळेबंदीच्या व्याख्येत ‘काम स्थगिती’ आजही आहे, आणि बेकायदा टाळेबंदीचा दंड, जो जुन्या कायद्यात हजार रुपयांपर्यंतच होता, तो पन्नास हजार ते एक लाख झाला आहे. एखाद्या गिरणीमालकाला ही रक्कम किरकोळच. तरीही त्यासोबत एक महिन्यापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

तेव्हा यापुढे हुगळीकाठच्या कोणत्याही फाटकावर १४ दिवसांच्या सूचनेशिवाय तो कागद दिसला, तर त्याच सकाळी, फाटक सभेच्याही आधी, त्या गिरणीतील सर्व संघटनांच्या सह्यांची एकच तक्रार श्रम आयुक्तांकडे गेली पाहिजे, तिच्यात ‘टाळेबंदी’ हाच शब्द लिहिलेला असला पाहिजे, आणि तिच्या सोबतच्या यादीत बदलीवाल्यांची नावेही असली पाहिजेत.