नशीब नव्हे, निष्काळजीपणा

(जामखेड येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



बाळंतपणात बाई दगावली की आपल्याकडे म्हणतात, "तिचं आयुष्यच तेवढं होतं." नशिबाचं नाव घेतलं की कुणालाच जाब विचारावा लागत नाही.

औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात १० जुलै १९६३ रोजी एक बाई बाळंत झाली. मुलगा झाला. १३ जुलैला तिथंच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली. मग ताप आणि पोटात असह्य दुखणं. पोट पुन्हा उघडलं, तर आत रक्त टिपायचा कपडा राहिलेला! २४ जुलैला ती गेली. नवऱ्यानं दावा लावला. खालच्या कोर्टानं ३६ हजार रुपये भरपाई दिली, हायकोर्टानं ती काढून घेतली. अखेर १९९६ साली सुप्रीम कोर्टानं शासनाला जबाबदार धरलं आणि भरपाई कायम केली. तोवर तो मुलगा ३२ वर्षांचा झाला असेल.

कोर्ट काय म्हणालं? कपडा आपोआप पोटात जात नाही. नेमका कुणाच्या हातून राहिला, हे घरच्यांनी सिद्ध करत बसायची गरज नाही. आणि दवाखाना सरकारी आहे म्हणून शासनाला हात झटकता येत नाहीत. पण त्याच निकालात हेही आहे, की वैद्यकशास्त्राला मान्य असलेले उपचार काळजीपूर्वक केले आणि तरी गुण आला नाही, तर त्याला निष्काळजीपणा म्हणता येत नाही. म्हणून रागाच्या भरात दवाखान्याची काच फोडू नका. कागद मागा.

केसपेपर, रक्तदाब-हिमोग्लोबिनच्या नोंदी, ऑपरेशनची टिपणं, रेफर चिठ्ठी, बिलं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ७२ तासांत नकला द्याव्यात, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. पैसे देऊन उपचार घेतले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करा. सगळ्यांवरच फुकट उपचार करणारा दवाखाना असेल, तर ग्राहक कायदा लागत नाही. औरंगाबादसारखा दिवाणी दावा लावावा लागतो. त्यालाही मुदत असते, म्हणून सुतक संपायची वाट न बघता वकिलाला भेटा.

याच जामखेडात १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. अक्षरओळख नसलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या, गरोदर बाईची तपासणी करू लागल्या. काय व्हायला हवं होतं हे जिला ठाऊक असतं, तिलाच काय झालं नाही ते विचारता येतं.

तेव्हा यापुढं गावात अशी बाई गेली, तर सांत्वनाला जाताना एवढं विचारा : केसपेपर कुठं आहे?