बैलाचा खांदा आणि यंत्राचं बेअरिंग
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मृग तोंडावर आला आहे आणि मी ग्रीस गनवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत काही जण हसले. हसू द्या. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शेतकरी गरीब आहे तो आळशी आहे म्हणून, अवजारांची निगा राखत नाही म्हणून, असं सांगणारे साहेब आपण पुष्कळ ऐकले. मी ते सांगायला उभा नाही. बेअरिंगमध्ये ग्रीस भरून कोणाचं कर्ज फिटत नाही. पण वाफसा दोन दिवसांचा असतो आणि त्या दोन दिवसांत ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला तर ते नुकसान कोणत्याही सरकारच्या खात्यात जात नाही, आपल्याच खात्यात येतं. म्हणून बोलतो.

माझंच उदाहरण घ्या. मी कृषी पदवीधर. कॉलेजात अवजारांचा विषय होता, परीक्षेत मार्कही बरे पडले, पण चार वर्षांत एकदाही ग्रीस गन हातात दिली नाही कोणी. पुढे आम्ही तिघा भावकीतल्यांनी मिळून एक जुनं मळणी यंत्र घेतलं. खरीप ज्वारीचा हंगाम होता. मी मोठ्या हौशीने रोज सकाळी गन घ्यायचो आणि प्रत्येक बेअरिंगमध्ये बाहेर येईस्तोवर ग्रीस दाबायचो. वाटायचं, जास्त घातलं तर जास्त चांगलं. तिसऱ्या दिवशी ड्रमचं बेअरिंग तापलं, ओरडायला लागलं आणि दुपारी जाम झालं. कणसं खळ्यावर, यंत्र बंद, आणि त्याच रात्री पाऊस आला. ज्वारी काळी पडली. काळ्या ज्वारीला बाजारात काय म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको.

मिस्त्रीने बेअरिंग खोललं आणि बोटावर घेऊन दाखवलं. आत ग्रीस भरपूर होतं, पण ते ग्रीस राहिलं नव्हतं. कोंडा आणि काळी माती मिसळून त्याची सहाण झाली होती. माझ्या दाबाने बेअरिंगचं सील बाहेर ढकललं गेलं होतं आणि त्या फटीतून सगळा भुसा आत गेला. वर निपल न पुसता गन लावल्यामुळे निपलच्या टोकावरची माती मी स्वतःच रोज आत ढकलत होतो. मिस्त्री म्हणाला, "साहेब, न शिकलेला माणूस ग्रीस घालायला विसरतो. तुम्ही शिकलेले, म्हणून बुडवून मारलं."

आपल्या बापजाद्यांना हे कळत होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी का करतात? जू जिथं घासतं तिथं गरम पाण्याने धुवायचं, मग हळद-तूप चोळायचं. आधी धुणं, मग चोळणं. चिखल भरल्या खांद्यावर कोणी तूप लावत नाही. लाकडी चाकाच्या बंडीला वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं आणि आसाला वंगण देण्याआधी म्हातारा माणूस चिंधीने आस पुसून घ्यायचा. लोखंड आलं, निपल आलं, आणि पुसणं तेवढं गेलं.

हे निपल म्हणजे काय ते एकदा समजून घ्या. व्हिएन्नात जन्मलेल्या ऑस्कर झर्क नावाच्या माणसाच्या नावावर त्याचं पेटंट आहे, १९२९ चं. निपलच्या टोकाला बारीक छर्रा असतो, त्याच्या मागे स्प्रिंग. गनचा दाब आला की छर्रा मागे सरकतो, ग्रीस आत जातं, दाब गेला की छर्रा भोक बंद करतो. म्हणजे त्या छर्‍यावर जे काही बसलं असेल ते पहिल्या झटक्यात आत जाणार. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पहिलं अवजार फडकं, दुसरं गन. ग्रीस घालून झालं की टोकावर थेंबभर ग्रीस राहू द्या, तेच झाकणाचं काम करतं. दुसऱ्या दिवशी तोच थेंब मातीसकट पुसून टाका. निपल बुजलं असेल तर हातोडी मारू नका, बदला. त्याचं डोकं बहुतेक ठिकाणी एकाच मापाचं असतं, आटे मात्र वेगवेगळे. जुनं निपल खिशात घालून दुकानात जा आणि सरळ, वाकडी अशी चार-सहा आणून ठेवा.

आता किती घालायचं? बेअरिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, रुंदीने गुणा, दोनशेने भागा. तेवढे ग्रॅम. ८० मिलिमीटर व्यास आणि १८ रुंदीचं बेअरिंग असेल तर गुणाकार १४४०, भागाकार सव्वासातच्या आत. म्हणजे सात ग्रॅम. मी किती घालत होतो देव जाणे. पण गनचा एक झटका म्हणजे किती ग्रॅम? हे गनगणिक वेगळं असतं, साधारण अर्धा ते दीड ग्रॅम. तुमच्या गनचं तुम्हीच काढा. कागदावर वीस झटके मारा, किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, वीसने भागा. आकडा गनवर खिळ्याने कोरून ठेवा. झटके सावकाश मारा, आणि बेअरिंगला दोन्ही बाजूंनी सीलबंद झाकण असेल, निपल नसेल, तर त्याला काही करू नका.

पीटीओ शाफ्टच्या क्रॉसचं गणित मात्र उलटं आहे. रोटाव्हेटर चालवणाऱ्यांनी नीट ऐका. तिथं आठ-दहा तासांच्या कामाला एकदा ग्रीस द्यायचं आणि चारही टोकांच्या सीलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत द्यायचं. तीनच टोकांतून आलं तर चौथं कोरडं आहे, ते आज ना उद्या तुटणार. पिनांना आणि बुशांनाही असंच, जुनं बाहेर येईपर्यंत.

आणि इंजिन बंद करून. चालत्या शाफ्टजवळ गन घेऊन वाकायचं नाही. सदऱ्याचं टोक, लुगड्याचा पदर, गमछा, त्या शाफ्टला काही चालतं. मळणी यंत्रांनी एवढे हात खाल्ले की १९८३ मध्ये त्यासाठी धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला. कायदा दिल्लीत झाला, हात खळ्यावर तुटतात.

ज्याच्याकडे टायरची बंडी आणि डवरे-वखर एवढंच आहे त्याने गन विकत घेऊ नये. दुकानदार घ्या म्हणेल. तुमच्या बंडीच्या चाकाला बहुतेक निपलच नसतं. उन्हाळ्यात एकदा चाक उतरवा, बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन पूर्ण सुकवा, तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत रहा, दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीस वर येईस्तोवर. हबची पोकळी गच्च भरायची नाही, निम्म्याच्या आत. नट आवळायचा आणि थोडा सैल सोडायचा, चाक मोकळं फिरलं पाहिजे पण डुलायला नको. हे काम बाप-लेक एका सकाळी करतात.

ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याने हाताने दाबायची दांड्याची गन घ्यावी. बादलीचा मोठा ग्रीस पंप गटाच्या कामाचा, एकट्याच्या नाही. गन घेताना दुकानातच नव्या निपलवर लावून पहा. तोंडाचे जबडे घट्ट धरतात का, कडेने ग्रीस गळतं का? लोखंडी नळीबरोबर लवचिक नळी हवी, आणि आतलं वॉशर व जबडे सुटे मिळतात का ते विचारा. सुटे भाग मिळत नसतील तर कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. भरताना बोटांनी कोंबू नका, मध्ये हवा राहते. तोंड ग्रीसमध्ये बुडवून दांडी सावकाश ओढा. तरी हवा अडकली तर डोकं एक फेरा सैल करून दोन झटके मारा.

ग्रीस रंगावरून घेऊ नका, रंग कारखान्यात घालतात. डब्यावर लिथियम असं आणि नंबर २ किंवा ३ असं पहा. नंबर वाढला की ग्रीस घट्ट. चुन्याच्या साबणाचं ग्रीस पाण्याला टिकतं, उष्णतेला टिकत नाही. दोन जातींचं मिसळू नका. पिशवीतलं सुटं ग्रीस आणि इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल बेअरिंगला लावू नका. जळक्या ऑइलात इंजिनाची झीज असते, तीच आपण दुसऱ्या यंत्राला पाजतो.

एक धोका फार कमी लोकांना माहीत आहे. हातगनमध्येही दाब इतका प्रचंड असतो की नळीला सुईएवढं छिद्र पडलं आणि त्यावर बोट आलं, तर ग्रीस कातडी भेदून आत जातं. वरून फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही. माणूस हळद लावून झोपतो. आत मात्र बोट सडायला लागतं. असं झालं तर त्याच तासाला निघा, गावातल्या सुईवर थांबू नका, शस्त्रक्रिया होते अशा दवाखान्यात जा आणि स्पष्ट सांगा की दाबाने ग्रीस आत गेलं आहे. उशीर झाला तर बोट काढावं लागतं. भेगाळलेली नळी आजच फेका.

शेवटचा मुद्दा भाड्याच्या यंत्राचा, कारण आपल्यातल्या बहुतेकांचं काम भाड्यावरच होतं. ड्रायव्हरला पैसे एकरावर किंवा तासावर. ग्रीस घालायच्या दहा मिनिटांचे पैसे त्याला ना मालक देतो ना आपण. मग तो कशाला पुसेल निपल? यंत्र मोडलं तर मालक दुरुस्त करेल, पण वाफसा आपला जातो. म्हणून भाडं ठरवतानाच बोला: सकाळची दहा मिनिटं धरून दर. आमच्या गावात आम्ही दोन हंगाम असं करतो आहोत. कुरकुर झाली, मग सवय झाली.

ज्यांनी आज गन बरोबर आणल्या आहेत त्यांनी चहा झाल्यावर मागच्या शेडमध्ये यावं. काटा आणून ठेवला आहे. प्रत्येकाच्या गनचा झटका तोलून आकडा कोरून देऊ. फडकं आपापलं आणा.