कापसाचे रेचे आणि रोजची दक्षता

खामगांव व मलकापूर या बुलढाणा जिल्ह्यांतील कापसाच्या जुन्या पेठा. १८७० मध्यें जलंबपासून खामगांवापर्यंत आगगाडीचा फांटा निघाला, तो या कापसासाठींच. पेठेबरोबर सरकी वेगळी करणारे रेचे आले, गाठी दाबणारे प्रेस आले. आणि त्यांच्या पाठोपाठ धोकेही आले.

रेच्यांतील धोका आरंभीं फार लहान असतो. शेतांतून आलेल्या कापसांत एखादा खडा किंवा खिळा राहतो. तो रेच्याच्या पात्यावर आपटतो आणि ठिणगी उडते. ती तत्काळ भडकतेच असें नाहीं. रुईच्या ढिगांत दडून ती तासन्‌तास धुमसते, प्रसंगीं गाठींतून कोठारांतही जाते. फिरत्या पट्ट्याचेंही तसेंच. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यांत सांपडावयास एक क्षण पुरतो.

कायद्यानें हें ओळखलें होतें. १ एप्रिल १९४९ पासून अंमलांत आलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यानें यंत्राच्या फिरत्या भागांस कुंपण सक्तीचें केलें. आणि चालू यंत्राची तपासणी वा तेलपाणी करणें अटळ झाल्यास तें घट्ट कपडे घातलेल्या, शिकविलेल्या प्रौढ पुरुषानेंच करावें, असें ठरविलें. परंतु निरीक्षक क्वचित् येतो. यंत्र रोज फिरतें.

मग उपेक्षा कां होते? तिचें मूळ निर्दयतेपेक्षां हिशेबांत अधिक आहे. हंगाम थोड्या महिन्यांचा, दाराशीं गाड्यांची रांग. यंत्र घटकाभर थांबलें तर तो तोटा त्याच सायंकाळीं वहींत दिसतो. टळलेला अपघात कोणत्याच वहींत दिसत नाहीं. मजुरी वजनावर असेल तर मजूरही यंत्र थांबवूं इच्छीत नाहीं.

म्हणून दक्षतेचें निराळें खातें न उघडतां ती रोजच्या कारभारांतच मिसळली पाहिजे. कापूस घेतांना दराबरोबर त्यांतील खडेमातीही पाहावी. सकाळीं हजेरी घेतांना मुकादमानें पट्ट्यांचीं कुंपणें व पाण्याच्या बादल्या तपासाव्या. सायंकाळीं गाठींच्या हिशेबाखालींच उडालेल्या ठिणग्या व थोडक्यांत निभावलेले प्रसंग नोंदावे. धोका टाळण्यासाठीं यंत्र थांबलें, तर त्या वेळाची मजुरी कापूं नये.

ऐन हंगामांत मुकादमानें रेचा थांबविला असतां मालक त्यास काय म्हणतो, यावरून कारखान्याची खरी रीत कळते. बोल लावला, तर भिंतीवरील सूचना व्यर्थ होत. शाबासकी दिली, तर दुसऱ्या दिवशीं धोका दिसतांच साधा मजूरही हांक मारण्यास भिणार नाहीं.