मनाच्या आजारावर लिहायचं कशासाठी?

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लोहारा तालुक्यात सास्तूरसारख्या गावांतली घरं पाडली, माणसंही आतून खचली. घरं पुन्हा बांधली गेली. मनाचं दुखणं मात्र लाजेपोटी उंबऱ्याआड राहतं. ठाण्यात १९९० मध्ये ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था उभारणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी मराठीतून सातत्याने लिहितात, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. दवाखान्याची पायरी चढायला कचरणाऱ्यापर्यंत लेखन आधी पोहोचतं.

कर्जात बुडालेला एखादा शेतकरी विचारेल, शब्दांनी कर्ज फिटतं का, पाऊस पडतो का? नाही. पण नैराश्य औषधांनी आणि समुपदेशनाने बरं होऊ शकतं, आणि सावरलेला माणूसच कर्जातून वाट काढतो. ही आशा उपचारांच्या अनुभवावर उभी आहे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. तो लिहून ठेवा, शेजाऱ्यालाही सांगा.