तिच्यासोबत ओपीडीत कोण बसणार?

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. तसा तो येण्याला कारणही आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने 'एम्स'कडून करून घेतलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के निघालं, स्त्रियांचं १.६ टक्के. म्हणजे एका बाईमागे सतरा पुरुष. हे आकडे दाखवून लोक म्हणतात की बायकांचा प्रश्न छोटा आहे. पण आपल्या देशात दीड टक्का म्हणजे लाखांनी बायका. शिवाय पाहणी करणारा दारात उभा असताना, सासू आत बसलेली असताना, कोणती सून खरं सांगेल?

आणि आपल्या मोहल्ल्यात बाईचं व्यसन बहुतेक वेळा बाटलीतून येतच नाही. ते मिश्रीच्या डबीत असतं, त्याला तर आपण व्यसन म्हणतही नाही. नाहीतर ते गोळीत असतं. मालेगावात 'कुत्ता गोली' म्हणून जी अल्प्राझोलम बदनाम झाली, तीच गोळी कितीतरी घरांत अम्मीच्या उशाखाली असते. मुलगा ती नाक्यावर घेतो म्हणून तो 'नशेडी'. अम्मी ती चिठ्ठीवर घेते म्हणून ती 'झोपेचं औषध'. बाळंतपणानंतर झोप उडाली, नवरा परदेशी गेला, घरात रोज मारहाण आहे, असं काहीतरी झालेलं असतं. डॉक्टर थोड्या दिवसांसाठी गोळी देतो. चिठ्ठीची मुदत संपते, पण मेडिकलवाला ओळखीचा असतो. असं करता करता पाच वर्षं जातात. मूळ दुखणं काय होतं, हे कोणी विचारलेलंच नसतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती जिवावरची आहे. घरात गोळ्यांचा साठा सापडला की पहिली प्रतिक्रिया असते: हिसकावून घ्या, फेकून द्या, कसम घालायला लावा. वर्षानुवर्षं अशा गोळ्या घेणाऱ्या बाईच्या गोळ्या एका दिवसात बंद केल्या तर तिला फिट येऊ शकते. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तरी तसंच; भ्रम, थरथर, फिट, क्वचित मृत्यूही. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी कराव्या लागतात. म्हणजे पहिलं काम गोळ्या फेकण्याचं नाही, तिला डॉक्टरपर्यंत नेण्याचं आहे.

तिथेच गाडी अडते. नेणार कोण?

पुरुष दाखल होतो तेव्हा बायको डबा घेऊन येते, पोरं सांभाळते, शेजारी सांगते की 'ते कामानिमित्त बाहेरगावी गेलेत', आणि दर रविवारी भेटायला जाते. बाई दाखल व्हायची झाली की घर विचारतं, स्वयंपाक कोण करणार? धाकट्याला शाळेत कोण सोडणार? धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचंय, त्यात हे कळलं तर? उपचाराला नकार कोणी देत नाही. 'ईदनंतर बघू' म्हणतात. त्या ईदनंतर दुसरी ईद येते. त्याच पाहणीत निघालं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस जणांत जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. या अडतिसांच्या रांगेत बाई कुठे उभी असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ साली सुरू झालं. स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग तिथेही बऱ्याच वर्षांनी आला. यात मी मुक्तांगणला दोष देत नाही. बायका दारापर्यंत पोचतच नव्हत्या, तर दार कोणासाठी उघडायचं?

आता आपल्या समाजाबद्दल थोडं स्पष्ट बोलते. बाई रडते, भिंतीकडे बघत बसते, तान्ह्या बाळाला घेत नाही, तेव्हा आपल्याकडे पहिला शब्द येतो 'आसेब'. मग तावीज, मग दर्गा. दर्ग्याला जाणाऱ्या माणसाची टिंगल करणं मला पटत नाही. बाईला घराबाहेर पडून मोकळेपणाने रडायची तेवढीच एक जागा असते. पण तिथे काय घडू शकतं तेही माहीत असू द्या. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमात आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही आणि पंचवीसहून अधिक माणसं जळून मेली. आज मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणं कायद्याने मना आहे.

दुसरं उदाहरण गुजरातचं. मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातार दर्गा आहे. तिथे २००८ पासून 'दवा आणि दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराचा दवाखाना. मुजावर दुआ करतात आणि तेच माणसाला डॉक्टरकडे पाठवतात. मुजावर सांगतो म्हणून सासू ऐकते. तुम्ही-मी सांगून ऐकली नसती. ज्यांना हे नवं खूळ वाटतं त्यांच्यासाठी एवढंच सांगते की कैरोत सुलतान कलावूनने १२८४ साली बांधलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांची सोय होती आणि स्त्रियांसाठी वेगळी दालनंही होती. आपण साडेसातशे वर्षं मागेच आहोत म्हणायचं.

रमजानचं बोलायला हवं, कारण दरवर्षी त्याच महिन्यात बायकांची औषधं सुटतात. सगळं घर रोजे ठेवतं, मी एकटी गोळीसाठी पाणी कसं पिऊ, ही लाज असते. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुरआननेच दिली आहे, ती फक्त तापाला आणि मधुमेहाला नाही. बऱ्याच औषधांच्या वेळा सेहरी-इफ्तारला बसवता येतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. काही औषधांचं तसं नसतं. लिथियम घेणारीच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं औषधाचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. म्हणून रमजानच्या महिनाभर आधी तिला डॉक्टरकडे न्या. आणि ती दुपारी स्वयंपाकघरात पाणी पिताना दिसली तर तुम्ही तिच्याकडे बघू नका. एवढं तर कोणालाही जमेल.

कायद्याकडे येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ पासून लागू आहे. दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही त्यात येतात. अठरा वर्षांवरची बाई स्वतःहून 'मला दाखल करा' म्हणाली, डॉक्टरांच्या मते तशी गरज असली, आणि उपचार काय आहे हे तिला समजत असलं, तर नवऱ्याची किंवा भावाची संमती मागता येत नाही. प्रत्यक्षात खिडकीवर 'बरोबर कोण आहे?' असं विचारतातच. तेव्हा शांतपणे कायद्याचं नाव घ्यायला कोणीतरी शेजारी लागतं. तीन वर्षांखालचं मूल असेल तर एरवी त्याला आईपासून तोडायचं नाही, बाळाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तरच तात्पुरतं वेगळं ठेवायचं. तिची फाइल गोपनीय असते.

या कायद्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी तरतूद नामनिर्देशित प्रतिनिधीची. साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, ती स्वतःच्या वतीने बोलणारा माणूस नेमू शकते. तो नवराच असला पाहिजे असं नाही. खाला चालेल, मैत्रीण चालेल, अठरा पूर्ण झालेली तुमच्यातली कोणीही चालेल; फक्त तिने लेखी होकार द्यायला हवा. ज्या घरात मारहाण हेच दुखण्याचं मूळ आहे, तिथे या एका कागदाने किती फरक पडतो ते मी पाहिलं आहे. 'वेडी ठरवून तलाक देतील' या भीतीने बायका येत नाहीत. एका दमात तीन तलाक २०१९ च्या कायद्याने अवैध आहे आणि गुन्हाही. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, त्यात घरात राहण्याचा हक्क आहे. भीती यानेही जाणार नाही, पण उत्तर तर हाताशी राहील.

मुलग्यांना वाटेल, यात आमचं काम काय? खूप आहे. बहीण दाखल आहे त्या दिवसांत भांडी घासा. भाच्याला ट्यूशनला सोडा. शेजारीण 'कुठे गेली हो?' विचारेल तेव्हा 'बरं नाही तिला, दवाखान्यात आहे' म्हणा, आणि कोणत्या ते सांगू नका. आणि ती घरी आल्यावर सारखी पर्स तपासू नका, तोंडाचा वास घेऊ नका. व्यसन पुन्हा उलटू शकतं. उलटलं तर बीपी वाढल्यावर जातो तसंच पुन्हा डॉक्टरकडे जायचं. 'केलं तेवढं पुरे, आता आमची नाही' असं म्हणून घर हात झटकतं, आणि मनोरुग्णालयांत बऱ्या झालेल्या बायका वर्षानुवर्षं राहतात, कारण न्यायला कोणी येत नाही.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथून. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६. हे दोन्ही नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घालून घ्या, मी थांबते.

आता तुमचे प्रश्न. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर कागदावर लिहून पुढे पाठवा, नाव लिहायची गरज नाही. मी जेवणाच्या सुट्टीतही इथेच बसलेली आहे.