यंत्रातील शिपायाची वाणी



लढाईच्या खेळातील शिपाई बिनतारी यंत्रावर काय बोलतात, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानाला घ्यावा, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण घरोघरची मुले संगणकाच्या पडद्यावर हे खेळ खेळत आहेत, आणि रणगाडादलाचे शिक्षण देणारी संस्था तर आपल्या नगरातच आहे. तेव्हा विषय दूरचा नाही.

या खेळांत भोवतालचे शिपाई अधूनमधून बोलतात : ‘डावीकडे शत्रू’, ‘गोळ्या संपल्या’, ‘हा पाऊस थांबणार केव्हा?’ वाक्ये लेखकाने आधी लिहिलेली असतात, नटाने म्हटलेली असतात. चिठ्ठी उचलावी तसे यंत्र त्यांतले एक उचलते. २००१ साली चेक कारागिरांनी काढलेल्या ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ या खेळात सुटे शब्द जोडून वाक्य बनविले जाई. म्हणून शिपाई रेल्वे स्थानकावरील घोषणेसारखा तुटक बोले. २००५ च्या ‘फिअर’ या खेळात निराळी युक्ती होती. तेथे प्रत्येक शिपाई आपापली हालचाल ठरवी. परंतु एकाला गोळी लागली की दुसरा त्याची विचारपूस करी. एवढ्या संवादाने ती सारी तुकडी एकविचाराने लढते आहे असे वाटे.

यातून आम्ही एक नियम काढतो. बोलण्याची वेळ खुशाल चिठ्ठीने ठरो. बोलण्याचे कारण चिठ्ठीने ठरू नये. साखर कारखान्यात गाळपाच्या हंगामात रात्रपाळीची माणसे बोलतात ती वरवर बडबडच असते. पण तिच्यामागे थकलेले अंग असते, घरचे आजारपण असते, शेजारच्या यंत्रावरील सोबती ओळखीचा असतो. तेच वाक्य तिसऱ्यांदा जसेच्या तसे ऐकू आले, की ऐकणाऱ्याच्या लेखी तो माणूस संपला !

खऱ्या रणांगणावरील शब्दाचे मोल पाहा. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल हे नगर येथे शिक्षण घेत असतानाच १९७१ च्या युद्धासाठी पूना हॉर्समध्ये परतले. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत त्यांचा रणगाडा पेटला. मागे या, असा हुकूम बिनतारी यंत्रावर आला. तोफ अजून चालते आहे, रणगाडा सोडणार नाही, एवढेच कळवून त्यांनी यंत्र बंद केले. वय अवघे एकवीस. त्या उत्तरात एकही शब्द उगाच आलेला नव्हता.

आता आमच्या व्यवसायातला प्रश्न. पडद्यावरील शिपाई किंकाळी फोडतो, ती कोणाच्या घशातून येते? अमेरिकेतील आवाजाच्या कलावंतांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये संप केला, तेव्हा घसा फाटेल असे काम एका वेळी दोन तासांवर घेऊ नये, ही त्यांची एक मागणी होती. जुलै २०२४ मध्ये ते पुन्हा संपावर गेले. या वेळी भांडण होते ते माणसाच्या आवाजाची नक्कल यंत्राने करण्याविषयी. वर्षभराने, २०२५ साली, करार झाला आणि अशा नकलेसाठी कलावंताची संमती घेण्याचे बंधन त्यात आले.

बंधूंनो, यंत्राला बोलके करण्यास आमचा विरोध नाही. मात्र त्या शिपायाच्या तोंडी शब्द घालणाऱ्याने शिपायाचे जिणे जाणावे, आणि आवाज देणाऱ्याचा घसा व दाम दोन्ही सांभाळावे. आपली मुले खेळताना तो आवाज ऐकतील, तेव्हा त्यामागे कोणी माणूस राबला आहे, एवढे त्यांना जरूर सांगा.