‘ओन्ली’ची जागा



काल याच व्यासपीठावरून अद्वैतावर व्याख्यान झाले आणि आज इंग्रजीतील एका क्षुल्लक क्रियाविशेषणावर तासभर ऐकावे लागणार, हे ध्यानी येताच पुढच्या रांगेतील काही मंडळींनी घड्याळाकडे पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. (हशा.) परंतु ‘ओन्ली’ हाही अद्वैतीच आहे, ‘एक’ आणि ‘सारखा’ अशा अर्थाच्या दोन प्राचीन इंग्रजी अवयवांपासून तो बनला. त्याचा अर्थ ‘केवळ’. काळाबरोबर आला की ‘आत्ता कुठे’, ‘ओन्ली टू ग्लॅड’मध्ये ‘अत्यंत’, आणि उभयान्वयी झाला की ‘परंतु’. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवलेल्या सभेपुढे हे उगाळण्याचे प्रयोजन नाही.

खरा तंटा जागेचा. ज्या शब्दाला मर्यादा घालायची त्याच्या अगदी लगत ‘ओन्ली’ बसवावा, असा पंतोजींचा दंडक; अमुक गृहस्थ ‘ओन्ली डाइड अ वीक अगो’ असे कोणी लिहिले, की हे पंतोजी विचारणार, मरण्यापलीकडे त्याने आणखी काय करायला हवे होते? फाउलरसाहेबांनी १९२६च्या आपल्या कोशात अशा इंग्रजीच्या कैवाऱ्यांची यथेच्छ टर उडवली आणि क्रियापदापूर्वीची रूढ जागा उचलून धरली.

माझे म्हणणे असे, की या तंट्याची तात्त्विक बाजू त्यापूर्वी बाराशेहून अधिक वर्षे आपल्याकडे तपासली गेली होती. (आमच्याकडे सारे आधीच होते असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे, विमानांवर माझा दावा नाही. हशा.) सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने ‘एव’ (म्हणजे आपला ‘च’) या संस्कृत अव्ययाचे तीन व्यापार दाखवले: ‘पार्थच धनुर्धर’ म्हटले की इतरांचे धनुर्धरत्व निषिद्ध होते, ‘चैत्र धनुर्धरच’ म्हटले की चैत्र धनुर्धर नसल्याची शंका फिटते, इतरांना बाध येत नाही, आणि ‘कमळ निळे असतेच’ म्हटले की निळे कमळ संभवतच नाही, एवढ्याच आक्षेपाचे निवारण होते. आमचा ‘च’ शब्दाला चिकटतो, म्हणून त्याचा धनी कोण हे विचारावे लागत नाही. ‘ओन्ली’ मोकळा हिंडतो, म्हणून बोलताना त्याला आघाताचा आणि लिहिताना जागेचा आधार लागतो.

आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा इंग्रजीत फर्मान काढले: ‘स्टुडन्ट्स मे ड्रिंक वॉटर ओन्ली ड्यूरिंग रिसेस.’ पाणी प्यावे ते मधल्या सुट्टीतच, हा सरकारी अर्थ. मधल्या सुट्टीत पाणीच प्यावे, फाटकाबाहेरचे सरबत पिऊ नये, हा दुसरा. आणि एरवी, म्हणजे भूगोलाच्या तासाला, सरबतासही मुभा आहे, हा वरच्या वर्गातील एका भावी वकिलाने काढलेला तिसरा. प्रकरण चौकशीस आले. शास्त्रीबोवांची साक्ष झाली. त्यांनी गंभीरपणे सांगितले, की येथे काकाक्षिगोलकन्याय लागू आहे: कावळ्याचे एकच बुबुळ दोन्ही खाचांत फिरते, तसा हा शब्द दोन्ही बाजूंना पाहतो. त्यावर, आपण कावळा कोणास म्हणता, असा हेडमास्तरांनी खुलासा मागितला (प्रचंड हशा), आणि पाण्याचा मूळ मुद्दा दप्तरी दाखल झाला.

अध्यक्षमहाराजांची चिठ्ठी आली आहे: ‘फाइव्ह मिनिट्स ओन्ली.’ जागा निर्दोष आहे. (हशा.) तेव्हा आवरते घेतो. ‘आय ॲम फ्रॉम पूना ओन्ली’ म्हणणाऱ्या आमच्या बांधवाला हसू नका. ‘पुण्याचाच’ मधला ‘च’ तो नेमक्या जागी ठेवू पाहतो. इंग्रजीत ते चूकच, पण ती शिस्तीची चूक आहे. बोलताना ‘ओन्ली’ जिभेवर येईल तेथे येऊ द्या. मृत्युपत्र, करारनामा किंवा नोटीस लिहाल तेव्हा मात्र पंतोजींचे ऐका. आणि धनादेशावर तो रकमेच्या शेवटी लिहायला विसरू नका. पुढे कोणाला आकडा वाढवता येऊ नये म्हणूनच तो तेथे असतो, आणि आपल्या पावत्यांवर हेच काम अरबीतून आलेला ‘फक्त’ करतो.